शरयूकाकूंचं ‘जपून’

मी सरकारी दवाखान्यात नर्स. बरीच वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत काढली. पट्टी बांधून झाली की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "जपून हं आता." समोरचा मान हलवायचा. जपून म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला ठाऊक नसायचं आणि खरं सांगायचं तर मलाही नसायचं. या एका शब्दावरून माझ्याशी आयुष्यात कुणी भांडलं असेल तर त्या आमच्या किहीमच्या शरयूकाकू. आणि भांडल्या म्हणजे तोंडदेखलं नव्हे, चांगल्या कचाकचा भांडल्या.

आम्ही त्यांच्या वाडीला लागून घर घेतलं तेव्हाची गोष्ट. मी रात्रपाळी करून आले होते. दुपारी जरा डोळा लागला आणि मधल्या दगडी गडग्यापलीकडून कर्रर्र असा आवाज आला की मी उठूनच बसले. थांबला. परत आला. नवरा म्हणाला, "नारळाचं काहीतरी मशीन असेल." ह्यांना काही विचारावं तर हे असं. मी तशीच केस बांधत पलीकडे गेले.

विहिरीशेजारी पंपाची जुनी खोली होती. दाराबाहेर खुर्ची टाकून काका, म्हणजे काकूंचे यजमान, पेपर वाचत बसलेले. मांडीवर स्टीलची वाटी, वाटीत हिरव्या बांगड्या आणि मंगळसूत्र. आत एक टेबल, टेबलाच्या मधोमध बशीएवढं गोल पातं वर आलेलं, आणि त्याच्यासमोर साठीतली एक किडकिडीत बाई. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या, केस फडक्यात करकचून बांधलेले, चष्म्यावर आणखी एक चष्मा. त्या जे कापत होत्या ते बघून मी दारातच थबकले. तुकडा होता काडेपेटीतल्या काडीएवढा.

असल्या मशीनवर गेलेली बोटं मी बघितलेली आहेत. रुमालात गुंडाळून आणलेली, बर्फाच्या पिशवीत घालून आणलेली, आणि न आणलेलीसुद्धा. ती माणसं एक वाक्य हमखास बोलतात. "छोटासाच तुकडा होता हो सिस्टर." मोठ्या फळीला माणूस वचकून असतो, छोट्या तुकड्याला कोण भितं? तो चिमटीत धरायचा, पात्याकडे सरकवायचा, की संपलं. तुकडा जितका लहान तितकं बोट पात्याजवळ, इतकं साधं गणित आहे ते.

म्हणून मी दारातूनच म्हटलं, "काकू, जरा जपून हं."

काकूंनी वर बघितलंसुद्धा नाही. काप पुरा केला, बटण बंद केलं, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पुटपुटायला लागल्या. "थळ, चोंढी, झिराड, सासवणे, मांडवा." मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

काका पेपरातूनच म्हणाले, "पातं थांबेपर्यंत ती एसटीनं मांडव्याला जाते. मधे बोलायचं नाही."

मांडवा आला तेव्हा पातं खरंच थांबलेलं होतं. मग काकूंनी वरचा चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे वळल्या. "हं. जपून म्हणजे काय?"

"म्हणजे काळजी घेऊन."

"काळजी घेऊन म्हणजे काय?"

"हात सांभाळून, काकू."

"कुठं सांभाळू? कपाटात ठेवू कुलूप लावून?"

मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, मी नर्स आहे, मी बघते रोज, या वयात हे उद्योग कशाला. त्या म्हणाल्या, "नर्सबाई, तुमचं जपून म्हणजे 'करू नका'. फक्त गोड आवाजात. सगळ्यांचं तेच असतं. 'जपून गं' म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की बाई, घरात बस. माझ्याकडे त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. वेळ असेल तर बसा, दाखवते. नसेल तर आल्या वाटेनं जा, मला काम आहे."

बसले. रागानं बसले, पण बसले.

काकूंच्या हाताखाली शिकलेली माणसं अलिबागपासून मांडव्यापर्यंत भेटतात. शाळेत त्या कार्यानुभव शिकवायच्या. त्या काळी शाळेचा शिरस्ता असा की मुलग्यांना सुतारकाम आणि मुलींना शिवण. काकू पहिल्याच वर्षी हेडमास्तरांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला स्वतःला बटण सरळ लावता येत नाही, मी मुलींना काय शिवण शिकवणार? मला करवत येते, मी करवत शिकवते." हेडमास्तर म्हणाले, मुलींना काही इजा झाली तर? काकूंनी विचारलं, "मुलग्यांना झाली तर चालते का?" पुढच्या आठवड्यापासून मुली करवत चालवायला लागल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे छोटं मशीन घेतलं आणि पंपाच्या खोलीत आपलं दुकान मांडलं. दुकान हा माझा शब्द. त्या नुसतं 'खोली' म्हणायच्या.

खोलीत होड्या व्हायच्या. हातभर लांबीच्या, पण खऱ्या होडीला असतं ते सगळं असलेल्या. आता सगळीकडे फायबरच्या होड्या आल्या आहेत. लाकडाची जुनी होडी थकली की किनाऱ्यावर ओढतात, मोडतात, आणि लाकूड चुलीत जातं. थळच्या किनाऱ्यावर काकूंनी एकदा चुलीपुढच्या ढिगातून एक फळी मागून आणली आणि त्या होडीच्याच लाकडातून तिची लहान होडी केली. ज्याची होडी होती तो माणूस ती हातात घेऊन पायरीवर बसून राहिला म्हणे, चहासुद्धा प्यायला नाही. तेव्हापासून होडी मोडायला निघाली की थळहून, आक्षीहून माणसं काकूंकडे एक फळी घेऊन यायची. दुसरं चांगलं लाकूड असलं तरी त्या वापरायच्या नाहीत. म्हणायच्या, "दुसऱ्या लाकडाची केली तर ते शोकेसमधलं खेळणं. तिच्याच लाकडाची केली तर ती तीच."

आता हातभर होडी म्हणजे तिच्या फासळ्या केवढ्या, सुकाणू केवढं, याचा विचार करा. सगळा कारभार नखाएवढ्या तुकड्यांचा. त्या दिवशी काकूंनी मला त्यांचं जपून उलगडून दाखवलं. तुकडा लहान हवा असला तरी हातात धरायची काठी लांबच हवी. तिच्या टोकाचा तुकडा कापायचा. काठी आखूड झाली की फेकून द्यायची, हळहळायचं नाही. "बोटं गेली ती सगळी या हळहळीपायी," त्या म्हणाल्या. "एवढं चांगलं लाकूड, अजून एक तुकडा निघेल, असं म्हणतो माणूस आणि तिथंच फसतो."

आणि अगदीच चिमुकला तुकडा आणखी तासायचा असेल तर? तो हातानं न्यायचाच नाही. त्यासाठी एक जाड पाट होता. त्यावर दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीनं तुकडा बसवायचा, वरून क्लॅम्पनं दाबायचा आणि अख्खा पाट मागून ढकलायचा. या पाटाचं नाव पालखी. "एवढासा जीव तो, त्यानं पायी का जावं?" पात्याभोवती मशीनला जी फट असते तीही काकूंनी पातळ प्लायवूड लावून बुजवली होती. पातं त्या प्लायवूडला चिरूनच वर आलेलं, तेव्हा बाजूला केसभरही जागा नाही. बारीक तुकडा त्या फटीत पडला की पातं तो गोफणीतल्या दगडासारखा भिरकावतं. दाराच्या चौकटीवर एक खोक पडलेली होती, ती त्यांनी मला मुद्दाम दाखवली. "फट बुजवायच्या आधीची. त्या दिवसापासून मी पात्याच्या रेषेत उभी राहत नाही, बाजूला राहते."

लाकूड पुढं सारायला एक वाकडी काठी होती. तिचं टोक पात्यानं चावून चावून पार चोथा झालेलं. तिचं नाव सासू. बोट आणि पातं यांच्यामध्ये कायम सासूला घालायचं, चावे तिनं खायचे. मी हसले तर बाहेरून काका म्हणाले, "माझ्या आईवरून ठेवलंय ते. आई असतानाच ठेवलं होतं. तिलाही माहीत होतं."

घरी येताना माझ्या लक्षात आलं की मी भांडायला गेले होते आणि त्या बाईंनी माझ्याकडून ती काठी तीनदा नीट धरून घेतली होती.

काकांच्या मांडीवरच्या वाटीची हकिगत मला नंतर कळली. गावात एक माई होत्या. सगळ्यांच्या घरात काय चालतं यावर त्यांचं बारीक लक्ष. एका हळदीकुंकवाला भर बायकांत त्या म्हणाल्या, "शरयू, नवरा धडधाकट बसलाय आणि तू रोज हात ओकेबोके करतेस. गळासुद्धा मोकळा. बरं दिसत नाही ते."

काकू म्हणाल्या, "माई, बांगडी पात्यात सापडली तर बांगडीबरोबर हात जाईल. मग मला रोज कुंकू लावायला तुम्ही येणार का? येणार असाल तर घालून बसते."

बायका वाणाच्या पिशव्या उघडून बघायला लागल्या. काकांना हे घरी कळलं. दुसऱ्या दिवशी काकू बांगड्या उतरवायला लागल्या तर काकांनी वाटी पुढं केली आणि ती मांडीवर घेऊन खुर्ची बाहेर टाकली, तीही रस्त्यावरून दिसेल अशी. माई त्या रस्त्यानं देवळात जायच्या. मशीन बंद झालं की काका आत जाऊन स्वतः काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र घालायचे, पेपराची घडी बगलेत ठेवून. मी हे कित्येकदा बघितलं आहे आणि दर वेळी मुद्दाम दुसरीकडे बघितल्यासारखं केलं आहे.

काका गेले ते हृदयविकारानं, बसल्या बसल्या. दिवस झाले तेव्हा चार बायका आल्या, पुढं माई. काकू माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत भराव्यात तशा भरलेल्या. माईंनी जवळ जाऊन बांगड्या उतरवायला त्यांचा हात हातात घेतला. वाईट मनानं नव्हे, त्यांना तेच ठाऊक होतं.

काकूंनी हात सोडवून घेतला. म्हणाल्या, "माई, मी रोज बांगड्या काढत होते तेव्हा तुम्ही म्हणत होतात, काढू नको. आता काढत नाही तर म्हणता, काढ. तुमचं काय ते एकदा ठरवून या. या बांगड्या मीच काढणार. मशीन सुरू करताना काढणार आणि बंद केलं की घालणार. ते गेले म्हणून माझा नियम बदलत नाही."

माई उठल्या. बाकीच्याही उठल्या. एकजण जाता जाता वळून काकूंच्या पाठीवरून हात फिरवून गेली, ते मला फार बरं वाटलं. सगळ्या गेल्यावर काकू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या. "वाटी कोण धरणार गं आता," एवढंच म्हणत होत्या. मी दवाखान्यात रडणारी माणसं खूप बघते, मला सवय आहे. त्या दिवशी ती सवय काही कामाला आली नाही.

मुलगा मंदार पनवेलला, विमा कंपनीत. सरळ मुलगा. आईवर जीव, आणि म्हणून सारखा धास्तावलेला. वडील गेल्यावर त्यानं आईला हातमोजे पाठवले. चांगले जाड, सुरीनंही न कापले जाणारे. काकूंनी ते उलटेसुलटे करून बघितले. "याला कुणी सांगितलं नाही का, की गोल पात्यापुढं मोजे घालायचे नसतात? एक धागा सापडला की पातं सगळा हात आत ओढून घेतं." पण पोराला तसं सांगून त्याचा हिरमोड कशाला करायचा. फणसाच्या दिवसांत मंदारनं फोनवर विचारलं, "आई, मोजे वापरतेस ना?" काकू म्हणाल्या, "रोज. अरे, काय सुरेख सोलला जातो फणस, हाताला जराही चीक लागत नाही."

थरथर पहिल्यांदा मला दिसली ती चहाच्या कपात. बशीवर कप टेकताना किणकिण झाली. पुढच्या वेळी परत झाली. आम्ही दोघींनीही ती ऐकली होती. मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टर भला माणूस, नीट समजावून म्हणाला की हा कंपवात, तो बरा होणारा नाही, गोळ्यांनी थरथर तेवढी आटोक्यात राहील. काकूंनी एकच प्रश्न विचारला. "करवतीचं मशीन चालवलं तर चालेल का?"

डॉक्टर जरा घुटमळला आणि म्हणाला, "चालवा. पण जपून."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथंच हसू फुटलं. डॉक्टरला वाटलं असेल, काय बायका आहेत.

त्याच सुमाराला थळहून काशिनाथ नाखवा आला. बापानं बांधून घेतलेली होडी त्यानं नुकतीच मोडली होती. बाकी लाकूड कुजलं होतं, एकच फळी धड राहिली होती, ती मोटरसायकलला बांधून आणलेली. फळीवर निळ्या, लाल, पिवळ्या रंगाचे थर, वास अजून माशांचा.

"काकू, माज्या बाला आता दिसत न्हाय," तो म्हणाला. "होरी मोरली त्याला सांगितला हाय, पन त्याला पटत न्हाय. सारखा बोलतो, मना तिच्याजवल न्या. तिच्याच लाकराची करा. हातानं चाचपल आन वलखल तो."

मी काकूंच्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर आपला आपण हलत होता. फळी एकच. चुकली तर दुसरी नाही. मला वाटलं, आता तरी नाही म्हणतील. काकू म्हणाल्या, "सुकाणू कसं होतं? वरून गोल की चौकोनी?" झालं. ठरलं.

होडीच्या फळीतला धोका म्हणजे खिळे. खाऱ्या पाण्यानं डोकी झिजून गेलेली असतात, वरून रंग, आत खिळा तसाच. पातं त्यावर गेलं की दात तुटून अंगावर येतात. काकूंनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक इंच इंच फिरवलं, जिथं ओढ लागली तिथं खडूनं गोल केला, संशय आला तिथं सुई टोचून बघितली. कुठं कापायचं नाही ते आधी ठरलं, कुठं कापायचं ते मग.

हे चाललेलं असताना एका रविवारी मंदार टेम्पो घेऊन दारात. सून बरोबर. मी ओटीवर पाणी दिलं तर प्यायला नाही, आधी बोलला. "आई, मशीन आज नेतो. आणि तूही चल. हात असे झालेत आणि तू त्या पात्यापुढं उभी राहतेस. जप की आता स्वतःला."

"जपतेच आहे," काकू म्हणाल्या.

"हे जपणं नाही. तुझा फोन वाजला की मी आधी घाबरतो आणि मग उचलतो. बाबा गेले तेव्हा असाच फोन आला होता. मला परत तसा फोन नकोय."

सून खाली बघत होती. काकूंनी पाण्याचा पेला परत त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "तुला भीती वाटते हे खरं आहे, मंदार. ती मला कळते. पण तुझी भीती तू माझ्या हातात घालू नको. मी निजून राहिले तर तुला बरं वाटेल, माझं काय होईल याचा विचार केलास का? रेखा, तू नर्स आहेस. सांग याला, मी काय जपलं नाही?"

आता आली का पंचाईत. आई-मुलाच्या मधे पडायचं म्हणजे दोन्हीकडून शिव्या. पण मी म्हटलं, "मंदार, इतकी वर्षं मी लोकांना जपून म्हणून घरी पाठवते. त्यातली निम्मी परत येतात. तुमच्या आईसारखं जपणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. मशीन चालू असताना तुम्ही कधी त्या खोलीत गेलाय का?"

गेला नव्हता. बाहेरूनच आवाज ऐकून परत फिरायचा. त्या दिवशी गेला. दाराशी उभा राहून त्यानं दोन काप बघितले, हाताची घडी घट्ट घालून. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "ज्या दिवशी माझ्या हातावर ओरखडा उठेल त्या दिवशी मी स्वतः बॅग भरून पनवेलला येईन. ज्या दिवशी हे माझ्या नियमात बसणार नाही त्या दिवशीही मशीन मीच बंद करीन. पण ते मी ठरवणार. तू नाहीस, डॉक्टर नाही, ही नर्सबाईही नाही."

मंदारला पटलं नव्हतं. पण टेम्पोत त्यानं शेवटी नारळ भरले आणि गेला.

काकूंनी मग नवीन पालखी केली. टेबलात दोन खाचा पाडल्या, पाटाखाली दोन पट्ट्या, त्या खाचांत बरोबर बसणाऱ्या. आता पाट इकडे तिकडे सरकूच शकत नव्हता, फक्त पुढं आणि मागं. मागं दोन लांब मुठी, पात्यापासून चांगल्या हातभर दूर. "हात थरथरू दे मेला," त्या म्हणाल्या. "पालखी कुठं थरथरते?" फासळ्या झाल्या, फळ्या झाल्या. पूर्वी एका दिवसात व्हायचं त्याला आठवडा लागायचा. गोळी घेतली की थोडा वेळ हात शांत व्हायचा, तेवढ्या वेळात काम. हात ऐकेनासा झाला की त्या दिवसापुरतं दुकान बंद. एकदाही ओढून ताणून शेवटचा एक काप म्हणून घेतला नाही.

आणि मग एक दिवस मी खोलीत असतानाच ते झालं. दोन्ही हातांना इतका कंप सुटला की मुठींबरोबर पालखीच खाचांत खडखडायला लागली. काकूंनी बटण बंद केलं. हात पाठीमागे. सगळे थांबे घेतले, मांडव्यापर्यंत. मग स्टुलावर बसल्या.

"रेखा," त्या म्हणाल्या, "हे आता माझ्या जपूनमध्ये बसत नाही."

मी म्हटलं, "उद्या बघू की, काकू." बघा, मीच म्हटलं. काकूंनी मान हलवली. "उद्या बघू म्हणणाऱ्यांच्या पट्ट्या तूच बांधतेस ना?"

फोन त्यांनीच केला. मंदार आला तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो त्या टेबलावर तळहात ठेवून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "आता तरी चल, आई. आमच्याकडे राहा."

"मशीन थांबलं. मी कुठं थांबले? काशिनाथचं सुकाणू राहिलंय."

"हातानं करणार?"

"मग काय पायानं करू?"

मशीन गोणपाटात गुंडाळून त्यानं नेलं. विकलं मात्र नाही. त्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत आहे ते अजून, सून त्यावर कुंड्या ठेवू देत नाही.

होडी पुरी झाली. काशिनाथ घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सांगायला आला. म्हातारा होडीच्या पुढच्या टोकापासून, नाळेपासून, हात फिरवत मागंपर्यंत गेला, सुकाणूवर त्याची बोटं थांबली, आणि म्हणाला, "आपलीच हाय." दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी काकू गेल्या, तापानं, चार दिवसांत. शेवटचं अंग पुसायचं काम मीच केलं. दोन्ही हातांवर, वयाच्या सुरकुत्या सोडल्या तर, एक खूण नव्हती. मी मंदारला ते बघायला लावलं. त्यानं आईचे दोन्ही हात बराच वेळ हातांत धरून ठेवले.

पण मला काकू आठवतात त्या सुकाणूच्या सकाळच्या.

मी सकाळच्या पाळीला निघाले होते. गडग्यावरून पंपाच्या खोलीची खिडकी दिसते. मशीन गेल्यानं खोली मोठी वाटत होती. काकू खिडकीशी स्टुलावर बसल्या होत्या. समोर लाकडाची एक खाचेची पेटी टेबलाला आवळलेली, पेटीत नखाएवढा तुकडा क्लॅम्पनं दाबलेला. पातळ पात्याची करवत खाचेत उभी. खाच इतकी नेमकी की करवतीला वाकडं जायला जागा नाही. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता, त्याला तिथं काही काम नव्हतं. उजवा हात करवतीच्या मुठीवर होता आणि नेहमीसारखा हलत होता.

मी थांबले. वाटलं, हाक मारावी, म्हणावं, काकू, राहू द्या आज. तेवढ्यात त्यांचा आवाज आला. त्या हातालाच बोलत होत्या, वर्गात मागच्या बाकावरच्या कुणाला बोलावं तशा.

"हलायचंच आहे ना तुला? हल. पण कामावर हल."

करवत खाचेतून मागंपुढं जात होती, आणि पेटीखाली चिमूटभर भुसा साठला होता.